जमाखर्च, डिक्स अ‍ॅव्हेन्यू

खिडकीच्या कट्ट्यावर रोज बोटाला लागेल एवढी काजळी.
कारखाना पलीकडेच; डिअरबॉर्नच्या या टोकाला
बर्फसुद्धा दुपारपर्यंत राखाडी होतो.
मी कट्टा पुसते, कॉम्प्युटर लावते
आणि विमा कंपन्यांनी काल काय काय नाकारलं ते वाचत बसते.
माझे वडील सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते.
म्हणायचे, आकडा कुणाचा मिंधा नसतो.
मी इथे तेच काम करते,
फक्त हळदीऐवजी मधुमेह.

डॉक्टर विदाद मकलद, वय एकोणसाठ.
स्वतःचा दवाखाना, स्वतःचं कर्ज,
गळका नळसुद्धा स्वतःच खोलून बसवलेला.
गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-रात्र लिहीत नाही,
फज्र लिहिते, मगरिब लिहिते.
एकेका पेशंटला अर्धा अर्धा तास:
आधी येमेनमधल्या भावाची खबर,
मग पोरीचं लग्न, मग गुडघा,
आणि जाता जाता, दाराच्या मुठीवर हात ठेवून,
"बाकी काही नाही, रात्री छातीत जरा…"
त्या 'जरा'साठी बिलात कोड नाही.
मी शोधलाय.

बुधवारी मोठ्या हॉस्पिटलचं पत्र आलं.
जाड कागद, बोटाला लागणारी उठावाची अक्षरं.
दवाखाना विकत घेऊ, पगार देऊ, रजा देऊ,
पेशंटमागे अकरा मिनिटं.
मी ताळेबंद छापून तिच्यापुढे ठेवला.
आतबट्ट्याचा व्यवहार आहे, म्हणायचं होतं.
इंग्रजीत ते नीट येईना.
म्हटलं, तळाला भोक असलेली बादली.
ती हसली, आमच्याकडेही असंच काहीसं म्हणतात,
आणि शेवटचं पान न उलटता विचारलं,
"मुसाइद नाजी का आला नाही? मंगळवारचा होता."

मुसाइद नाजी. एकतीस वर्षं भट्टीवर.
साखर तीनशे,
आणि दर ईदला डॉक्टरला मधाची बाटली.
मला ठाऊक होतं का आला नाही ते.
त्याच्याकडे चाळीस डॉलर येणे आहेत,
दोनदा पत्र मीच धाडलं होतं.
मी वहीत बघत राहिले.
तिने फोन लावला. अरबी मला कळत नाही,
पण आवाज चढलेला कळतो,
आणि मग एकदम घरातला झालेला.

तो सातला आला, पाटी उलटी लावल्यावर.
बुटाला बर्फ. आत यायला संकोचत होता.
तिला मूत्रपिंड काढून दाखवायचं होतं;
हाताला लागला तो कागद तिने ओढला, पालथा केला
आणि घेवड्याच्या बीसारखं काहीतरी रेखाटलं.
पाणी इथून येतं. इथे गाळणी.
ही फाटत चालली आहे, अजून फाटलेली नाही.
तो चित्राकडे पाहत राहिला,
जसं कुणी शेताचा नकाशा बघतं.
मग घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.
उठावाची अक्षरं आतल्या बाजूला.

मी काही बोलले नाही.
तीही नाही. तिला कळलं होतं की नाही,
हे मी अजून विचारलेलं नाही.
दिवे घालवण्याआधी वही उघडली.
मुसाइद नाजी, येणे चाळीस.
खोडणं मला जमत नाही, वडील रागावतील.
पुढची तारीख घातली, शिसपेन्सिलीनं, पुसट,
आणि खाली, उद्याच्या कामांत:
कोरे कागद संपलेत. मागवणे.