समासातलं अक्षर

डंडीत, ब्लॅकनेस रोडवरच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत
आम्ही सातजण. हीटर एकच, तोही मर्डोच्या बाजूला.
टेबलावर थोरा स्केनची नवी कादंबरी,
अकरा वर्षांनी आलेली.
(मराठीत हिच्या नावातच थोर आहे,
हे मी इथे कुणाला समजावत बसत नाही.)

'पायरी.' एकशे चाळीस पानं.
वाक्यांना कर्ता आहे, कर्म आहे,
शेवटी पूर्णविरामसुद्धा.
मर्डो म्हणतो, बाई संपली.
'भरतीचं खातं' ज्या हातानं लिहिलं
त्या हातानं हे लिहिलं असेल
तर मी तो हात ओळखत नाही.

'भरतीचं खातं'मध्ये स्वल्पविरामाला बंदी होती,
प्रकरणं उलटी, बाराकडून एकाकडे,
आणि एक बंदर, कुठल्याच नकाशात नसलेलं.
यांच्यातले काही येडे तेव्हा डेपोत जाऊन
त्या बंदराला बस कधी सुटते, विचारून आले होते.
नेटाच्या दंडावर त्याचं पहिलं वाक्य गोंदलेलं आहे,
कातडीबरोबर आता जरा खाली घसरलेलं.
तीच नेटा म्हणते, मला नवं आवडलं.
बहिणीला वाचून दाखवलं, शेवटच्या आठवड्यात.
तिला एकदाही 'म्हणजे काय गं' विचारावं लागलं नाही.
मर्डो म्हणतो, तेच तर.
मग सगळे एकदम बोलतात.
केलमला जुनं कळलं नाही, नवं कंटाळवाणं वाटलं;
बिस्किटं मात्र तो दोन्ही पक्षांची खातो.

मी गप्प. माझ्याकडची 'भरतीचं खातं'ची प्रत
ब्रॉटी फेरीच्या धर्मादाय दुकानातली, पन्नास पेन्सची.
इथल्या पहिल्या हिवाळ्यात, रात्रपाळीला,
एक्स-रेच्या खोलीबाहेर
मांडीवर शब्दकोश घेऊन वाचलेली.
वाटायचं, आपलं इंग्रजीच कच्चं.
ते कुणालाच धड कळलेलं नाही
हे कळायला आठ वर्षं गेली.

पान दोनशे बारा. आई रात्री घर सोडून जाते.
मूल पायरीवर बसून बोटी मोजतं. रडत नाही.
या पानावर लोक जीव टाकतात.
माझ्या प्रतीत तिथेच, समासात,
पेन्सिलीनं, कागद फाटेल इतकं दाबून:
खोटं. मूल रडतं.

नव्या पुस्तकात, नव्वदाव्या पानावर, तीच पायरी.
तीच आई, तोच कोट.
आणि मूल रडतं. अख्खं पान रडतं,
बाही ओली होते, दुसरी बाहीसुद्धा,
शेजारीण खिडकी लावून घेते.
मर्डो ते पान उघडून टेबलावर आपटतो.
काय हे? पूर्वी हिची मुलं रडत नसत!

नऊ वाजता लायब्ररीवाली दिवे उघडझाप करते.
पुढच्या महिन्यात दूध कोण आणणार,
त्या कागदावर मर्डो नाव लिहितो.
माझी नजर त्याच्या 'डी'वर.
शेपूट मागे वळलेलं, गळासारखं,
पेन इतकं दाबलेलं की
खालच्या कागदावरही तो दूध आणणार आहे.

आता असा 'डी' काय, शंभरजण काढत असतील.
माझी प्रत पिशवीत होती. काढली नाही.
"तुझं मत राहिलंच," तो कोट घालताना म्हणाला.
मी म्हटलं, मला दोन्ही आवडली.
"हे काही मत नव्हे," म्हणाला, आणि माझ्यासाठी दार धरून उभा राहिला
टे नदीवरून येणाऱ्या त्या वाऱ्यात,
मफलर नीट न गुंडाळता.

बसथांब्यावर पान दोनशे बारा उघडलं.
खोटं. मूल रडतं.
आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात, मराठीत,
मी लिहिलेलं. कधी, आठवत नाही:
थांबतं कधी पण?

बस आली. तिकीट काढताना
अंगठा त्या पानात तसाच राहिला.