समोरची खुर्ची

तळमजल्यावरच्या पाटणकर वहिनी विचारतात,
रिटायर झालात, आता देवाचं काही करता की नाही?
करते ना, मी म्हणते,
रात्री साडेनऊनंतर.
त्यांना वाटतं जप.

कन्नमवार नगर, दुसरा मजला.
जेवणाचं टेबल पुसून त्यावर मी बोर्ड ठेवते.
टेलिफोन ऑफिसचा क्लब मोडला तेव्हा ऐंशी रुपयांना घेतलेला,
टॅक्सीच्या टपावर बांधून आणलेला,
मी आणि फिलोमिना दोन खिडक्यांतून
एकेक हात बाहेर काढून दोरी धरून,
प्रभादेवी ते सायन भांडत,
की तो राहणार कोणाच्या घरी.

बोरिक पावडर चिमटीत घेतली
की हात आपसूक कपाळाकडे निघतो.
अरे, खाली, मी त्याला म्हणते.

फिलोमिना गेली त्याला चौथं वर्ष.
बरेच दिवस बोर्ड कपाटामागे उभा.
मग एकदा झुरळ शोधताना हाताला लागला.

एकटीनं खेळायचं म्हणजे
इथून मारायचं, सोंगटी पडली नाही की उठायचं,
टेबलाला वळसा घालून तिकडच्या खुर्चीत बसायचं,
तिच्या बाजूनं मारायचं,
परत वळसा.
एका बोर्डाला सत्तावीस वळसे होतात, मोजलेत मी.
देवळात पाच घातले तर माझे गुडघे बोलतात.

सुरुवातीला लबाडी करायचे.
तिकडून खेळताना मनगट ढिलं सोडायचे,
नेम जरासा उजवीकडे.
तिकडची मी हरायची, इकडची मी जिंकायची,
आणि झोप दोघींनाही नाही.

मग ठरवलं,
त्या खुर्चीत बसलं की त्या खुर्चीचं खेळायचं.
इमानानं.

तेव्हापासून तिकडून जे जातं ते मला येत नाही.
फिलोमिनालाही यायचं नाही, ती दणकावायची,
सोंगट्या दचकायच्या, शेजारी भिंत ठोकायचे.
हे निराळंच.
स्ट्रायकर मागल्या पट्टीला जेमतेम शिवून परततो,
पांढरी सोंगटी निघते
माझ्या दोन काळ्यांच्या मधून,
कोणालाही धक्का न लावता,
पॉकेटच्या तोंडाशी थबकते, आत येऊ का विचारल्यासारखी,
आणि पडते.
मी माझ्या बोटाकडे बघत राहते.
नख तेच. कांद्याचा वास तोच.

परवा मी राणी घेतली.
कव्हर चुकलं, केसभर.
घरात कोणी नाही, राणी माझ्या मुठीत,
गॅलरीतला दिवाही बंद.
समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं
आणि राणी गुपचूप मध्यावर ठेवली.
उठले, वळसा, बसले तिकडे.
राणी नाकासमोर. पोरानंही घेतली असती.
मी नेम धरला होता, शपथ,
पण राणीला न शिवता
स्ट्रायकरच गेला पॉकेटात.

कोणी मुद्दाम हरलं की कळतं.
इतके महिने मी तेच तर केलं होतं.
मला राग आला. मोठ्यानं म्हटलं,
हे बघ, दया नको.
खेळायचं तर मनापासून खेळ.

काल ब्रेक तिकडचा होता.
मी जाऊन बसले, पावडर झटकली, मारलं.
एक पांढरी पडली. मग दुसरी.
तिसरी कुठून गेली मला सांगता येणार नाही.
खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती,
आणि इथे एकामागून एक,
राणी, राणीला कव्हर,
शेवटची तर इतक्या सावकाश
की मी श्वास सोडून घेतला तरी ती वाटेतच.
नऊच्या नऊ. एकाच बैठकीत.
एकदाही उठावं लागलं नाही.

बोर्डावर माझ्या काळ्या तशाच, पसरलेल्या.
शाब्बास म्हणावं म्हणून मान वर केली.
समोर माझी खुर्ची होती,
रिकामी.