नजर उत्तम

वडणग्याच्या शाळेत लोहाच्या गोळ्या माझ्या कपाटात,
वजनकाटा कोल्हापुरातनं येणाऱ्या मगदूम सिस्टरांच्या पिशवीत,
खिचडीचं पातेलं आक्काताईंकडे.
तीन वह्या. एकीचं दुसरीला ठाऊक नाही.

तपासणीत धैर्यशीलनं अक्षरांचा तक्ता घडाघडा म्हटला,
अगदी तळाच्या बारीक ओळीपर्यंत.
सिस्टरांनी लिहिलं : नजर उत्तम.
मी पाठ थोपटली.

डाव पुसत आक्काताई दारात आल्या.
"त्यो मला रोज इचारतोय, ताटात काय हाय.
वास घेतोय, मगच घास उचलतोय."

मी तक्ता उलटा टांगला.
पोरगं तेच म्हणत राहिलं, त्याच क्रमानं,
रांगेत मागं उभं राहून पाठ केलेलं,
पाढ्यासारखं.

आता वही एकच.
तिच्या पुठ्ठ्यावर हळदीचा अंगठा.