न्हाणपोढी

जलखात्यात एकतीस वर्षं चावी फिरवली मी.
कुर्ला, चुनाभट्टी, शेवटी नेहरूनगर.
पहाटे चारला रस्त्याचं झाकण उचलायचं,
सतरा आटे मोजायचे,
मग पाइपाच्या पोटात गुरगुर.
एखादा आटा कमी पडला की तिसऱ्या मजल्यावरून
तीन भाषांत शिव्या.

म्हणून आम्रपालीने तिकडे, विलायतेत,
रोमन लोकांचं न्हाणीघर दाखवलं
तेव्हा मी खांब-पुतळे सोडून आधी खाली वाकलो.
शिशाचा नळ. जोड अजून शाबूत.
आमच्या खात्याचे तीन पावसाळे टिकत नाहीत.

काचेमागे शिशाचेच पातळ पत्रे,
त्यांवर कोरून देवीला केलेल्या तक्रारी:
मी न्हात असताना माझा अंगरखा नेला,
नेणाऱ्याची झोप उडो, मग तो बाई असो की बुवा.
वाचून जरा घरच्यासारखं वाटलं.
पाण्याकाठी माणूस तेव्हाही भांडतच होता.

हिरव्या पाण्यावर वाफ. काठाला पाटी.
सगळं वाचून दाखवणारी पोर
तिथे गप्प झाली.
काय लिहिलंय गं?
काही नाही, बाबा.
काय लिहिलंय?
पाण्याला हात लावू नये.

कारण साधं. पाण्यात जंतू. सगळ्यांनाच मनाई,
गोऱ्यांनासुद्धा.
मला का कळत नाही? क्लोरीनचं माप मी ठेवलंय.
तरी हात पाठीमागे गेले,
माझे नव्हे,
माझ्या आज्याचे.

आज कान्हेरीला आलो.
फिटर आल्मेडा गुडघे धरून
खालीच बसलाय, काकडीवालीशी घासाघीस करत.
मी वर. दगडात कोरलेल्या पन्हळी बघत.
काय उतार दिलाय!
ना व्हॉल्व्ह, ना पंप, ना माझ्यासारखा चावीवाला,
या टाक्यातून त्या टाक्यात
पाणी आपलं आपण चालत जातं.
पोढी म्हणायचे टाक्याला. न्हायची पोढी वेगळी, प्यायची वेगळी.
एक तर कल्याणच्या कुणा सोनाराने दिलेली,
तसं दगडावर लिहून ठेवलंय.
सोनार तिकडे गेला, भिक्खू गेले,
रोमची गलबतं सोपाऱ्याला यायची थांबली,
पाणी अजून ड्युटीवर.

बसलो. बाह्या दुमडल्या.
वरून पहारेकऱ्याची शिट्टी:
ओ काका, पिऊ नका हां, माकडं पितात त्यात!

माकडं पितात ना?
मग झालं तर.

कोपरापर्यंत हात घातला.
गार. तळाशी गाळ, एक बुडालेली चप्पल,
आणि बोटांना चाटून जाणारं काहीतरी, बेडकाचं पिल्लू असेल.
काढावासा वाटेना.
आत काही फिरवायचं नव्हतं,
तरी सतरापर्यंत मोजलं.