मंगळवार

आमच्या गल्लीत पाणी मंगळवारी येतं.
रात्री दोनला, कधी तीनला.
आधी नळ खोकतो,
मग थोडा गंज थुंकतो,
मग अम्मानच्या या टेकडीवर
गच्ची-गच्चीवरच्या टाक्या
पोटातल्या पोटात बोलायला लागतात.
मी उठते. चहा नंतर. आधी कपडे.

पांढरे पहिले, मग रंगीत,
मग फवाजचे गॅरेजमधले, ज्यांना रंगच उरलेला नाही.
सगळे त्याच पाण्यात.
त्या पाण्यानं फरशी, फरशीच्या पाण्यानं जिना.
खाली दारापर्यंत पोचतं तेव्हा ते
चहापेक्षा काळं असतं,
तरी लिंबाचं झाड नाक मुरडत नाही.

तांदूळ धुतलेलं पुदिन्याला,
पुदिना तुपाच्या रिकाम्या डब्यांत.
न्हाणीत गरम येईस्तोवर जे गार येतं
त्याच्याखाली बादली. दीड तांब्या भरतो, मोजलंय मी.
वुजूला एक तांब्या. शेवटी पायांवर ओतताना
फवाज परातीत उभा राहतो,
आणि परातीवर नजर माझी.

लोक म्हणतात, अमक्यानं पैसा पाण्यासारखा उधळला.
कुठलं गाव असेल हो त्यांचं?
आमच्याकडे पैसा निदान उसना मिळतो.

लमीस आली सहा वर्षांनी, गॉथेनबर्गहून,
शनिवारी. अंगाला विमानाचा वास.
"आई, आंघोळ करून येते."
मी भेंडीची देठं काढत बसले होते.
पाणी पडायला लागलं.
भेंडी संपली.
मी कांदे घेतले.
कांदे संपले, पाणी पडतच होतं,
आणि मला दिसत होतं
जिन्याचं पाणी, पुदिन्याचं, अख्खा रविवार, अख्खा सोमवार
तिच्या पाठीवरून मोरीत जाताना.
दार वाजवावं म्हणून उठले.
आत ती गुणगुणत होती,
इथलं नव्हे, तिकडचं काहीतरी.
परत येऊन बसले.
डोळे कांद्यानं आधीच भरले होते, बरं झालं.

मग गच्चीवर जाऊन अंगठीनं टाकी वाजवली.
भरलेली टाकी ढप्प म्हणते आणि गप्प बसते.
ही वाजली थेट तळापर्यंत.
वळून पाहते तर लमीस,
केस टॉवेलात, दाराशी उभी.
सहा वर्षांत तो सूर ती विसरली नव्हती.
मी एक शब्द बोलले नाही, तरी
पाणउतारा व्हायचा तो झालाच,
टाकीचा आणि तिचाही.

रविवारी उम्म सुहैबच्या दारातून दोन बादल्या
तिनंच आणल्या, एकसष्ट पायऱ्या चढून.
पहिल्या खेपेला जिना ओला झाला.
दुसऱ्या खेपेला तिनं बादलीत
एक ताटली तरंगत ठेवली, हिंदकळू नये म्हणून.
हे मी तिला शिकवलं नव्हतं.
की शिकवलं होतं?

परवा रात्री तिचा फोन.
दवाखान्यातली ड्यूटी संपवून भात लावत होती.
म्हणाली, "तांदळाचं पाणी वाडग्यात काढलंय.
कालचंही आहे. परवाचंही.
ओतून टाकवत नाही गं.
घरात एक कुंडी नाही,
आणि बाहेर आठवडाभर पाऊस थांबलेला नाही.
काय करू त्याचं?"

मला काही सुचेना.
इतकं पाणी असलेल्या गावात
तीन वाडग्यांचं काय करतात,
हे कुणी मला कधी विचारलंच नव्हतं.
तेवढ्यात भिंतीत नळ खोकला.
"थांब," म्हटलं, "नंतर बोलू. मंगळवार आहे."
"ठेवू नकोस," ती म्हणाली. "ऐकव."

मी फोन बादलीच्या काठाशी टेकवून ठेवला
आणि पांढरे कपडे शोधायला गेले.