सावली ठेंगणी होते तेव्हा

सकाळी सव्वासहाची फेरी, रायबंदरचा धक्का.
मी पत्ते वाटून परतते,
चोडणची माणसं कामाला निघतात.

मांडवीत नांगरलेल्या त्या जहाजाला
खिडकी नाही, घड्याळ नाही.
हरणाऱ्याला कळू नये, उजाडलं ते.
चार वर्षं मी तिथे रात्रभर उभी
आणि दिवसभर जाड पडद्यामागे झोपलेली.

मग मांड्या दुखायला लागल्या.
जिना चढताना गुडघा हाताने उचलावासा वाटे.
डॉक्टर फळदेसाईंनी रिपोर्टवर बोट टेकलं: नऊ.
"वीसच्या वर हवं. आणि राहतेस गोव्यात!"
कळंगुटच्या वाळूत पाहुणे
कोळंबीसारखे लाल होईतो पडून असतात,
त्यांच्या उन्हातलं मूठभरही
माझ्या हाडांपर्यंत पोचलं नव्हतं.

"कोवळं ऊन दिसायला छान, या कामाला कच्चं.
सावली तुझ्याहून ठेंगणी झाली की बस.
हातपाय उघडे. पंधरा मिनिटं, फार तर वीस.
कातडी चुरचुरायच्या आत ऊठ.
आणि काचेमागे बसून काही मिळत नाही."

शिवाय कॅप्सूल. आठवड्याला एक,
रविवारी, शीतकडी जेवून झाल्यावर.
आठ रविवार, मग पुन्हा रक्त.

सोमवारी आईने ताटाशेजारी दुसरी ठेवली.
"बरी आसा जाल्यार रोज घे गो."
मी डबी फळीवर, तिचा हात पोचणार नाही तिथे ठेवली.
जास्त झाली तर रक्तात चुना चढतो, म्हटलं.
तिला ते पटलं नाही.
मला लगेच पटलं होतं.
माझ्या टेबलावर रोज माणसं बसतात,
थोडं मिळालं की दुप्पट लावणारी.
'पुरे' हा शब्द तिथे मी फक्त
त्यांच्या खिशाकडून ऐकला आहे.

आता साडेअकराला उठते.
बाही दुमडून फेरीबोटीच्या कठड्याशी उभी राहते,
पलीकडे जाते, न उतरता परत येते.
मिनगेल दोरखंड सोडताना विचारतो,
"खंय वता गो रोज?"
"खंयच ना," मी म्हणते.

पायाशी सावली, पाटाएवढी.
बोट धक्क्याला लागते,
मी छत्री उघडते.