उतार

अंबडला आमच्या शॉपच्या मागच्या भिंतीत
एक खिडकी आहे, पांडवलेण्याच्या डोंगराकडे उघडणारी.
तिथे बसून मी फोड मोजते.
अंगावरचे नाहीत, पत्र्यावरचे.
पावडर लावलेला पत्रा भट्टीतून निघतो
आणि कधीकधी गोवर आल्यासारखा दिसतो.

अकरा महिन्यांचे रकाने:
भट्टीचं तापमान, हवेतली ओल,
पाळी, पत्र्याची जाडी,
शेवटी फोड.

साहेब म्हणाले, क्षेमकल्याणी मॅडम,
एका वाक्यात सांगा, भट्टीचा दोष आहे का?
मी समीकरण मांडलं.
भट्टीपुढचा सहगुणक शून्याच्या शेजारी आला,
भिंतीला भिंत लागून.
म्हणजे नाही ना, म्हणत साहेब मिसळ खायला गेले.

शून्यावर माझा जुना राग आहे.
कुणी हललंच नाही तरी शून्य
आणि दोघं सारख्याच जोराने
दोन बाजूंना ओढत असले तरी शून्य.
माझे आईवडील बावीस वर्षं असे शून्य होते.
पाहुणे म्हणायचे, किती शांत घर.

मग मी भट्टीला ओलीने गुणलं.
नवा रकाना, दोघांचा मिळून,
ज्यात एकट्याचं असं काही नाही.
आधी दोघांतून त्यांची त्यांची सरासरी काढून टाकली,
नाहीतर मुळीच ओल नसलेल्या दिवसाबद्दल बोलावं लागतं,
आणि तसा दिवस नाशिकच्या मे महिन्यातही उगवत नाही.

पडद्यावर सहा खिडक्या मांडल्या,
कोरड्या हवेपासून ओल्या हवेपर्यंत.
पहिलीत रेघ उतरते: भट्टी वाढवा, फोड कमी.
दुसरीत थोडी कमी उतरते.
चौथीत आडवी पडते, दमल्यासारखी.
सहावीत चढते.
खाली एक सरकपट्टी जोडली;
बोटाने ओल वाढवली की रेघ कूस बदलते.
सगळं एकत्र पाहायचं तर पृष्ठभाग निघतो,
उन्हात वाळताना पापड वळतो तसा,
समोरासमोरचे दोन कोपरे वर, दोन खाली.
पापडाचा उतार किती, असं कुणी विचारत नाही.
कुठे उभं राहून, ते आधी विचारतात.

अठ्ठावन्न ते सहासष्ट टक्के ओलीत
माझा पट्टा शून्याला पोटात घेतो.
तिथे मला काही म्हणता येत नाही.
तेही लिहून ठेवलं, ठळक.

सकाळी खैरनार आले, तिसरी पाळी संपवून,
डोळे भट्टीसारखे.
सहाव्या खिडकीसमोर थांबले.
ओल्या हवेत पत्रा घाम गिळून बसतो, म्हणाले,
जास्त तापवला की उकळून वर येतो.
म्हणून मी मंद ठेवायचो.
त्यासाठी दोन मेमो आहेत माझ्या नावावर,
जुलैचा एक, ऑगस्टचा एक.

मी नोंदी पुन्हा उघडल्या.
ओली हवा, मंद भट्टी, त्या कोपऱ्यात नऊ ठिपके.
नऊच्या नऊ तिसऱ्या पाळीचे.
बाकी दोन्ही पाळ्यांनी काटा
हुकमाप्रमाणे जागेवर ठेवला होता.
हा माणूस आज्ञेत राहिला असता
तर तो कोपरा रिकामा असता,
आणि पापड मला सपाट दिसला असता.

पण मग हेही आलंच:
फोड कमी झाले ते मंद आचेने,
की खैरनारांच्या हाताने?
ते पत्रा टांगण्याआधी फडक्याने पुसतात.
फडक्याचा रकाना माझ्याकडे नाही.

अहवालात मी लिहिलं, उत्तर ओलीवर अवलंबून आहे.
साहेबांनी 'अवलंबून'खाली लाल रेघ मारली
आणि समासात लिहिलं, एका वाक्यात.

आज बाहेर ओल एकाहत्तर टक्के आहे.
पहिल्या पाळीच्या गायधनीला मी म्हटलं,
काटा दहा अंशांनी खाली घे.
तो म्हणाला, लेखी द्या.
दिलं.